जुन्या संगणकाची डिस्क कधी बरी, कधी बिघडलेली दिसते तेव्हा काय तपासावे

एखाद्या सकाळी दहा-बारा वर्षांच्या घरगुती संगणकाच्या काळ्या पडद्यावर डिस्क सापडत नसल्याचे लिहून येते आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, की विंडोज काही घडलेच नाही अशा थाटात उघडते. डिस्कची प्रकृती सांगणारे एक सॉफ्टवेअर पिवळा रंग दाखवते, तर दुसरे सगळे ठीक असल्याचे सांगते. विंडोजचे डिस्क तपासणारे साधन चेकडिस्क एकदा चुका सापडल्याचे कळवते आणि लगेच पुन्हा चालवले, तर एकही चूक नाही म्हणते. अशा वेळी बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. जो अहवाल सोयीचा असेल त्यावर विसंबून काम चालू ठेवले जाते, किंवा घाईघाईने नवी डिस्क आणून बसवली जाते आणि काही दिवसांनी त्या नव्या डिस्कविषयीही तेच इशारे येऊ लागतात.

हे अहवाल एकमेकांना खोडून काढतात असे वाटते, कारण ते सगळे एकाच वस्तूविषयी आहेत असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात डिस्कच्या आत फिरणाऱ्या तबकडीवरची माहिती डिस्कच्या स्वतःच्या सर्किटमधून, मग केबलमधून, मदरबोर्डवरच्या कंट्रोलरमधून, रॅममधून आणि शेवटी फाइल सिस्टिमच्या, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याच्या, हिशेबातून आपल्यापर्यंत पोहोचते, आणि तपासणीचे प्रत्येक साधन या वाटेवरचा एखादाच टप्पा पाहते. मे २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले, तेव्हा इतर काही केंद्रांवर ४४ च्या आसपासचाच आकडा होता आणि संवेदकात दोष असावा असा खुलासा हवामान खात्याला करावा लागला. डिस्कच्या बाबतीतही दोन आकड्यांपैकी खरा कोणता, याआधी तो आकडा कोणी मोजला आणि कुठे मोजला, हे विचारावे लागते. पुढची सगळी तपासणी याच प्रश्नाच्या आधाराने करायची आहे.

दुरुस्तीच्या आधी माहिती बाहेर काढा

डिस्कवर काहीही ‘दुरुस्त’ करण्यापूर्वी तिच्यावरची महत्त्वाची माहिती दुसरीकडे उतरवून घ्यावी. हा सल्ला सगळेच देतात, पण त्यामागचे कारण फारसे सांगितले जात नाही. डिस्क खरोखर खराब होत असेल, तर तिच्या वाचनाचा प्रत्येक तास मोलाचा असतो. चेकडिस्कची ‘/आर’ ही सूचना सबंध डिस्क शेवटपर्यंत वाचते आणि खराब जागांवर पुन्हा पुन्हा अडखळते. म्हणजे डिस्कच्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग आपण मोकळी जागा तपासण्यात खर्च करतो आणि मुलांचे फोटो मात्र तसेच राहतात. शिवाय फाइल सिस्टिमचा हिशेब जुळवताना चेकडिस्क न जुळणाऱ्या नोंदी काढून टाकते. फाइल वाचवणे हे त्याचे कामच नाही, हिशेब सुसंगत करणे हे आहे.

उतरवताना क्रम महत्त्वाचा आहे. सातबारा, खरेदीखत, गुणपत्रिका, कराची विवरणपत्रे अशा लहान पण पुन्हा न मिळणाऱ्या फाइली प्रथम, मग फोटो, मग व्हिडिओ. चित्रपट आणि सॉफ्टवेअरच्या फाइली शेवटी किंवा मुळीच नाही. एखाद्या फोल्डरवर संगणक अडकला, तर तिथेच ताटकळत न बसता तो फोल्डर वगळून पुढे जावे. अडकण्याचे प्रकार फार वाढले, तर लिनक्सचा पेन ड्राइव्ह तयार करून डीडीरेस्क्यू हे साधन वापरणे श्रेयस्कर आहे, कारण ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडणाऱ्या जागा मागे ठेवते आणि नंतर त्यांच्याकडे परत येते. कुठवर वाचून झाले याची नोंद ते एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवत असल्यामुळे मध्येच लाईट गेली, तरी काम पहिल्यापासून करावे लागत नाही. ही नोंद-फाइल आणि नवी प्रत दोन्ही धडधाकट डिस्कवर ठेवाव्यात, आणि कोणती डिस्क वाचायची व कोणतीवर लिहायचे हे सूचना देण्यापूर्वी दोनदा वाचून पाहावे. इथे अदलाबदल झाली, तर वाचवायला काही उरत नाही.

डिस्कमधून ठरावीक लयीत खटखट आवाज येत असेल, तर मात्र यातले काहीही करू नये. संगणक बंद करावा आणि माहिती खरोखर अमूल्य असेल, तर ती काढून देणाऱ्या व्यावसायिकाकडे डिस्क न उघडता न्यावी. डिस्क फ्रिजमध्ये ठेवण्याचा उपाय अजूनही सांगितला जातो. बाहेर काढताच तिच्यावर आत-बाहेर दव धरते, हे एवढे कारण तो न करण्यास पुरेसे आहे.

इशारा नेमक्या कोणत्या डिस्कचा, आणि केव्हाचा?

विंडोजमधील इव्हेंट व्ह्यूअर उघडून ‘सिस्टिम’ हा लॉग पाहावा. डिस्कविषयीच्या नोंदी तिथे क्रमांकांनी ओळखता येतात. क्रमांक ७ ची नोंद डिस्कवरची जागा वाचता आली नाही असे सांगते, ११ ची नोंद कंट्रोलरच्या पातळीवरची चूक दाखवते, ५१ ची नोंद रॅम आणि डिस्क यांच्यात माहितीची ने-आण करताना अडचण आली असे म्हणते, ५५ ची नोंद फाइल सिस्टिमची रचना बिघडल्याचे कळवते. १२९ म्हणजे डिस्कने उत्तर न दिल्यामुळे तिची जोडणी नव्याने सुरू करावी लागली, आणि विंडोज ८ पासून पुढे दिसणारी १५३ म्हणजे एखादे काम पुन्हा करून पाहावे लागले. ७ आणि ५५ या दोन नोंदींना लोक एकच समजतात, आणि गोंधळाची सुरुवात बहुधा तिथूनच होते. पहिली तबकडीविषयी आहे, दुसरी हिशेबाविषयी, आणि हिशेब बिघडायला तबकडी खराब असण्याची गरज नसते.

नोंदीत डिस्कचे नाव ‘हार्डडिस्क १, डीआर १’ अशा स्वरूपात येते. यातला पहिला आकडा ‘डिस्क मॅनेजमेंट’मधल्या डिस्क ०, डिस्क १ या आकड्यांशी ताडून पाहावा. घरात एकच हार्ड डिस्क असेल, तर ती सहसा डिस्क ० असते. मग डिस्क १ किंवा २ च्या नावाने येणाऱ्या तक्रारी कोणाच्या? बहुधा पेन ड्राइव्हच्या, कार्ड रीडरच्या किंवा टेबलावर लोंबकळणाऱ्या बाहेरच्या डिस्कच्या. ‘सेफली रिमूव्ह’ न करता पेन ड्राइव्ह उपटला, तरी अशी नोंद होते. ‘डीआर’पुढचा आकडा दर वेळी पेन ड्राइव्ह लावला की वाढू शकतो, म्हणून एकाच पेन ड्राइव्हच्या तक्रारी पाच वेगवेगळ्या नावांनी आलेल्या दिसतात आणि पाच डिस्क बिघडल्याचा भास होतो. अनेक ‘परस्परविरोधी’ अहवाल एवढ्यावरच निकालात निघतात.

जुन्या संगणकात आणखी एक खोड असते. मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही नाण्याएवढी बटन बॅटरी संपली, की मुख्य वीज बंद होताच घड्याळ मागे जाते. मग लॉगमधल्या काही नोंदींवर कित्येक वर्षांपूर्वीची तारीख पडते, काहींवर आजची, आणि कोणती चूक आधी झाली व कोणती नंतर, हे कळेनासे होते. त्याच बॅटरीमुळे बायॉसमधली, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधली, मांडणीही मूळ स्थितीला जाते. डिस्क एएचसीआय पद्धतीने चालत होती ती आयडीई पद्धतीवर गेली, तर विंडोज सुरूच होत नाही आणि दोष डिस्कवर येतो. म्हणून तपासणीला बसताना ही बॅटरी प्रथम बदलावी. घड्याळाच्या दुकानातही मिळणारी ही स्वस्त वस्तू आहे आणि तिच्यामुळे पुढच्या सगळ्या नोंदींना विश्वसनीय तारीख मिळते. बदलण्याआधी बायॉसमधल्या डिस्क पद्धतीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

डिस्क स्वतःविषयी काय सांगते

डिस्कच्या आत स्मार्ट नावाची नोंदवही असते. ती वाचण्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा जीस्मार्टकंट्रोल यांपैकी कोणतेही मोफत सॉफ्टवेअर चालते, पण दोन्ही वापरली तर आकडे वेगळे दिसल्याने दचकू नये. क्रिस्टलडिस्कइन्फो मूळ आकडे सोळा-आधारी पद्धतीने दाखवते. त्यात १० दिसले, तर दशमानात ते १६ असतात. मेनूमध्ये मूळ आकडे दशमानात दाखवण्याची सोय आहे, ती आधी चालू करावी.

आता रंगांचा प्रश्न. बायॉस आणि विंडोजची साधी तपासणी फक्त एवढेच विचारते, की डिस्क बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेली धोक्याची मर्यादा ओलांडली गेली आहे का. ही मर्यादा इतकी सैल असते, की शेकडो जागा निकामी होऊनही उत्तर ‘ओके’ येऊ शकते. क्रिस्टलडिस्कइन्फो मात्र काही ठरावीक नोंदी शून्यावरून हलल्या, की पिवळा रंग दाखवते. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. घरगुती वापरासाठी मात्र पिवळ्या रंगाचे ऐकावे, हे माझे मत आहे.

स्मार्टमधल्या प्रत्यक्ष पाहायच्या नोंदी थोड्या आहेत, आणि त्यांचे क्रमांक इव्हेंट व्ह्यूअरमधल्या क्रमांकांहून वेगळे आहेत. क्रमांक ५ म्हणजे निकामी ठरवून राखीव जागेत हलवलेले सेक्टर, म्हणजे तबकडीवरचे माहितीचे लहान कप्पे. क्रमांक १९७ म्हणजे वाचता न आलेले, पण अजून निकाल न लागलेले सेक्टर. १९८ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीतही वाचता न आलेले. १९९ म्हणजे केबलमधून जाताना मोडतोड झालेल्या माहितीची संख्या. उलट क्रमांक १ आणि ७ यांच्यापुढे काही कंपन्यांच्या डिस्कवर कोटींच्या घरातले आकडे दिसतात. सीगेटच्या डिस्कवर ते नेहमीचेच आहे आणि त्यावरून काहीही ठरवता येत नाही.

१९७ चा आकडा हाच ‘काल होते, आज नाही’ या तक्रारीचा सर्वांत मोठा उगम आहे, म्हणून तो नीट समजून घ्यावा. सेक्टर वाचता आला नाही, की डिस्क त्याला संशयितांच्या यादीत टाकते, पण लगेच टाकून देत नाही, कारण आतली माहिती अजून हवी असू शकते. त्या जागेवर नवीन काही लिहिले गेले, की डिस्क तपासते. लिहिलेले नीट वाचता आले, तर सेक्टर यादीतून वगळला जातो आणि क्रमांक ५ चा आकडा होता तेवढाच राहतो. नाही वाचता आले, तर राखीव जागा दिली जाते आणि क्रमांक ५ वाढतो. म्हणजे १९७ चा आकडा आठवरून शून्यावर आला आणि क्रमांक ५ शून्यच राहिला, तर नोंदवही खोटे बोलत नाही. त्या जागा तबकडीच्या दृष्टीने सुदृढ होत्या, त्यांच्यावरची माहिती तेवढी अर्धवट लिहिली गेली होती. मृगाच्या आधीच्या वादळात लिहिता लिहिता लाईट गेली, की नेमके हेच घडते: सेक्टरमधली माहिती आणि तिची पडताळणीसंख्या यांचा मेळ बसत नाही आणि जागा वाचण्याजोगी राहत नाही. अशी एखादी घटना विसरून जाता येते. पण १९७ शून्य होऊन पुन्हा वाढतो, पुन्हा शून्य होतो आणि त्या प्रत्येक खेपेस क्रमांक ५ थोडा पुढे सरकतो, असे दिसले तर डिस्कचे दिवस भरले आहेत.

तारखेऐवजी तासांनी नोंद ठेवणे हा या तपासणीतला फार उपयोगी संस्कार आहे. क्रमांक ९ वर डिस्क एकूण किती तास चालली ते असते, आणि डिस्कच्या आतल्या चुकांच्या नोंदींवरही घड्याळाची वेळ नसून हेच तास असतात. एका वहीत तास, आणि त्यापुढे ५, १२, १९७, १९८, १९९ यांचे आकडे लिहून ठेवावेत. घड्याळ कितीही मागे-पुढे झाले, तरी ही वही चुकत नाही.

केबल, वीज आणि कूलर

क्रमांक १९९ वाढत असेल, तर डिस्कवर संशय घेण्याचे कारण नाही. हा आकडा डिस्कच्या जन्मापासून साठत जातो आणि सहसा कधीच कमी होत नाही. त्यामुळे तो २०० आहे की २०००, याला महत्त्व नाही. केबल बदलल्यानंतर तो जागचा हलतो का, एवढेच पाहायचे असते. डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या सुरुवातीच्या साटा केबलींच्या टोकाला धातूची अडकण नव्हती आणि अशा केबली जुन्या संगणकांत अजून सापडतात. कॅबिनेट उघडून, वीजजोडणी पूर्ण काढून, केबलचे टोक बोटाच्या चिमटीत धरून हलके हलवून पाहावे. ते वर-खाली डुलत असेल, किंवा बाहेर काढताना काहीच जोर लागला नाही, तर पंख्याच्या नुसत्या थरथरीनेही जोडणी क्षणभर तुटू शकते. केबल फार ताणलेली किंवा काटकोनात मुडपलेली असेल, तरीही बदलावी. त्याहून जुन्या संगणकात चपटी आयडीई केबल असेल, तर ती ८० तारांची आहे ना आणि डिस्कवरचे जंपर (पिनांवर बसवायच्या छोट्या टोप्या) बरोबर आहेत ना, हे पाहावे. केबल सीताबर्डीला संगणकाचे सुटे भाग विकणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळते. घेताना अडकण असलेली मागून घ्यावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल आणि मदरबोर्डवरचे पोर्ट दोन्ही एकदम बदलले आणि चुका थांबल्या, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

विजेची जोडणी सैल असण्याचा प्रकार याहून फसवा आहे, कारण तो क्रमांक १९९ वर उमटेलच असे नाही. इथे वहीतला क्रमांक १२ उपयोगी पडतो. हा आकडा डिस्कला किती वेळा नव्याने वीज मिळाली ते सांगतो. सकाळी संगणक सुरू केल्यावर तो लिहून घ्यावा आणि संध्याकाळी पुन्हा पाहावा. मध्ये संगणक बंद केलेला नसताना आणि तो झोपेच्या अवस्थेतही गेलेला नसताना हा आकडा वाढला असेल, तर चालू कामातच डिस्कची वीज तुटून पुन्हा जोडली जात आहे. त्याच वेळेच्या सुमारास इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १२९ किंवा ११ क्रमांकाच्या नोंदी दिसतील आणि तबकडी मात्र निर्दोष असेल. जुन्या एसएमपीएसला, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याला, साटाची वीजतार नसल्यामुळे मोलेक्स या जुन्या चार पिनांच्या वीजजोडणीवरून साटा करणारे जोड लावलेले असतात, आणि त्यांतले ओतीव प्लास्टिकचे स्वस्त जोड तर आत शॉर्ट होऊन वितळल्याची उदाहरणे आहेत. असा जोड दिसला, तर तो काढूनच टाकावा.

मल्टिमीटर हाताळण्याची सवय असेल, तर मोकळ्या मोलेक्स टोकावर पिवळ्या-काळ्या तारांत १२ व्होल्ट आणि लाल-काळ्या तारांत ५ व्होल्ट मिळतात का ते पाहावे. पाच टक्क्यांचा फरक चालतो, म्हणजे ११.४ ते १२.६ आणि ४.७५ ते ५.२५. ही मोजणी संगणक रिकामा असताना करून उपयोग नाही. मोठी फाइल कॉपी होत असताना करावी. मदरबोर्डवरच्या उभ्या कपॅसिटरांची टोपी फुगलेली किंवा त्यातून तपकिरी द्रव ओघळलेला दिसला, तर मोजणी न करताही उत्तर मिळाले असे समजावे. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये, त्यातले कपॅसिटर वीज काढल्यानंतरही भारित असतात.

आता नागपूरच्या उन्हाळ्याविषयी. महाल किंवा इतवारीतल्या जुन्या घरात संगणकाच्या खोलीत एकच बोर्ड असतो आणि एप्रिलपासून त्याच बोर्डावर कूलर चढतो. कूलरची मोटर आणि पाण्याचा पंप सुरू-बंद होताना विजेत झटका बसतो, आणि संध्याकाळी सगळ्या मोहल्ल्याचे कूलर लागले, की दाबही उतरतो. धडधाकट एसएमपीएस हे सहज पचवतो, पण दहा वर्षे झालेला पचवेलच असे नाही. चुका फक्त एप्रिल ते जून या महिन्यांत आणि तेही संध्याकाळी येत असतील, तर सॉफ्टवेअर शोधण्यापूर्वी संगणकाला वेगळ्या बोर्डावर न्यावे आणि अर्थिंग तपासून घ्यावे. यूपीएस असेल, तर त्याची बॅटरी किती जुनी आहे हेही पाहावे. संपलेल्या बॅटरीचा यूपीएस लाईट जाण्याच्या क्षणी संगणकाला खाली टाकतो आणि अर्धवट लिहिलेले सेक्टर मागे ठेवतो.

थंडावा मिळावा म्हणून कॅबिनेट थेट कूलरच्या झोतात ठेवण्याची पद्धत आहे. तीही बरी नव्हे. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा गार असते तशी ओलसरही असते, आणि ती धुळीसकट जोडण्यांवर बसते. काही जुन्या डिस्कच्या सर्किटवर, विशेषतः वेस्टर्न डिजिटलच्या, आतल्या भागाशी जोडणारे उघडे धातूचे ठिपके असतात आणि ते काळे पडले, की डिस्क कधी सापडते, कधी सापडत नाही. जाणकार माणूस सर्किट सोडवून ते ठिपके शिसपेन्सिलीच्या रबराने पुसून देतो. घरी पहिल्यांदाच स्क्रू काढणाऱ्याने हा प्रयोग माहिती उतरवून झाल्याशिवाय करू नये. तापमानाचे म्हणाल, तर घरगुती डिस्कची कमाल मर्यादा साधारण ६० अंशांची असते. बाहेर पारा ४५ वर असताना बंद खोलीतली डिस्क ५५ च्या पुढे सहज जाते. क्रमांक १९४ दुपारी पाहावा, पहाटे नाही.

डिस्कची आतली दीर्घ चाचणी

आतापर्यंतचे संकेत संमिश्र असतील, तर निकाल लावणारे एक साधन डिस्कच्या आतच आहे. जीस्मार्टकंट्रोलमधून डिस्कला ‘एक्स्टेंडेड’ म्हणजे दीर्घ चाचणी करायला सांगता येते. या चाचणीत डिस्क स्वतःची सगळी तबकडी स्वतःच वाचते. माहिती केबलमधून बाहेर येत नाही, रॅममध्ये जात नाही, विंडोजचा त्यात काही संबंध नसतो. त्यामुळे वाटेतले सगळे संशयित एका झटक्यात बाजूला होतात. चाचणी ‘रीड फेल्युअर’ सांगून एका जागी थांबली, तर दोष डिस्कवरच आहे, मग केबल कितीही चांगली असो; मात्र लाईट गेल्याने अर्धवट लिहिलेल्या एखाद्या जागेवरही ती अशीच थांबू शकते. चाचणी निर्विघ्न पार पडली आणि तरीही विंडोजमध्ये चुका येत राहिल्या, तर डिस्कच्या बाहेर शोधावे. विजेचा दोष तेवढा याला अपवाद आहे, कारण वीज डिस्कला चाचणीतही लागतेच.

संक्षिप्त चाचणी दोनेक मिनिटांत होते आणि तिच्या ‘पास’ला फारसा अर्थ नसतो, कारण ती तबकडीचा थोडाच भाग पाहते. दीर्घ चाचणीला डिस्कच्या आकाराप्रमाणे काही तास लागतात. तेवढा वेळ संगणक झोपेच्या अवस्थेत जाऊ नये अशी मांडणी करावी, अन्यथा चाचणी मध्येच सोडून दिल्याची नोंद होते आणि ती नोंद अनेकजण नापास म्हणून वाचतात. यूएसबीच्या डब्यात घालून तपासत असाल, तर काही डब्यांचे सर्किट स्मार्टची माहिती पुढे पाठवतच नाही, हे लक्षात ठेवावे. अशा वेळी डिस्क थेट मदरबोर्डला जोडून पाहावी.

डिस्कच्या चुकांच्या नोंदीत दोन संक्षेप शोधण्यासारखे आहेत. ‘यूएनसी’ म्हणजे तबकडीवरून वाचता आले नाही; ‘आयसीआरसी’ म्हणजे वाचले नीट, पण केबलमधून जाताना बिघडले.

रॅमचा संशय केव्हा घ्यावा

दर वेळी वेगळ्याच फाइल बिघडत असतील, झिप फाइल एकदा उघडते आणि एकदा नाही असे होत असेल, आणि स्मार्टचे सगळे आकडे स्थिर असतील, तर मेमटेस्ट८६+ चा पेन ड्राइव्ह करून रात्रभर चालू ठेवावा. एकही चूक आली, तरी रॅमच्या पट्ट्या काढून, खाचा साफ करून, एकेक पट्टी वेगळी लावून तपासावी. खराब रॅम असताना चेकडिस्कने दुरुस्ती केली, तर चांगला हिशेबही बिघडतो.

चेकडिस्क आता चालवा

वरचे सगळे झाल्यावरच चेकडिस्कची पाळी येते. कमांड प्रॉम्प्टमध्ये कोणतीही खूण न लावता चालवलेले चेकडिस्क फक्त वाचते, काही बदलत नाही; आणि चालू असलेल्या सी ड्राइव्हवर ते तसे चालवले, तर त्याच वेळी विंडोजही तिथे लिहीत असल्यामुळे नसलेल्या चुकाही दिसू शकतात. एकदा चुका आणि लगेच काही नाही, या तक्रारीचे हे साधे स्पष्टीकरण आहे. खरा निकाल हवा असेल, तर ‘/एफ’ लावून पुढच्या वेळी संगणक सुरू होताना तपासणी होऊ द्यावी. तिचा अहवाल नंतर इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘ॲप्लिकेशन’ लॉगमध्ये ‘विनइनिट’ या नावाखाली १००१ क्रमांकाने मिळतो. तो वाचण्याआधी पडदा निघून गेला, म्हणून पुन्हा तपासणी करण्याची गरज नाही. तपासणीनंतर ‘फाउंड’ या नावाने सुरू होणारा एखादा लपलेला फोल्डर दिसला, तर त्यात मालक हरवलेल्या फाइलींचे तुकडे असतात. हवी असलेली फाइल नाहीशी झाली असेल, तर तो पुसण्याआधी चाळून पाहावा.

नवी डिस्क घेऊन जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत तिच्यावर घेतली आणि चेकडिस्क नव्या डिस्कवरही खराब जागा दाखवू लागले, तर दुकानदाराशी वाद घालण्याआधी एक गोष्ट तपासावी. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिममध्ये खराब जागांची यादी तिच्यातच लिहिलेली असते, आणि प्रत घेताना ती यादीही सोबत येते. नव्या डिस्कचा स्मार्ट स्वच्छ असेल, तर ‘/बी’ लावून चेकडिस्क चालवावे. ते यादीतल्या जागा पुन्हा तपासते आणि चांगल्या जागा मोकळ्या करते.

बदलायची ठरल्यावर

दीर्घ चाचणी वाचनात अडखळली, किंवा वहीतला क्रमांक ५ चढत राहिला, तर डिस्क बदलावी. ती फॉरमॅट करून ‘कामचलाऊ’ म्हणून ठेवण्यात शहाणपण नाही. जुन्या साटा पोर्टवर आजची एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) पूर्ण वेगाने चालत नाही, तरी फिरत्या डिस्कपेक्षा फरक लगेच जाणवतो. यूईएफआय ही बायॉसची नवी पद्धत नसलेल्या जुन्या संगणकावर विंडोज सुरू करण्यासाठी डिस्कचे विभाग नोंदवण्याची एमबीआर पद्धत लागते आणि तीत सुमारे २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही, म्हणून त्याहून मोठी डिस्क घेऊ नये. चुका केबल किंवा विजेमुळे होत्या असे निघाले, तर जुनी डिस्क तशीच चालू द्यावी, मात्र आठवड्यातून एकदा वहीत आकडे लिहीत राहावे.

काढलेली डिस्क कबाड्याला देण्यापूर्वी तिच्यावरची माहिती नष्ट करावी. डिस्क अजून सुरू होत असेल, तर विंडोजचे ‘फॉरमॅट’ करताना ‘क्विक’ची खूण काढून टाकावी, विंडोज व्हिस्टापासून पुढे असे पूर्ण फॉरमॅट संपूर्ण विभागावर शून्ये लिहिते. डिस्क सुरूच होत नसेल, तर तबकडीच्या आरपार ड्रिलने दोन-तीन भोके पाडावीत, आणि ते करताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा, कारण लॅपटॉपच्या लहान डिस्कची तबकडी बहुधा काचेची असते.